संध्याकाळच्या कयाक फेरीत दिसणारे ग्लोवर्म : मराठी पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मूळची अकोले तालुक्यातली. आता न्यूझीलंडमध्ये टौरंगा शहराजवळ राहते आणि आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी मॅक्लारेन तळ्यावरच्या कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) फेरीला वाटाडी म्हणून जाते. मुलांकडे राहायला आलेले आईवडील, ऑकलंड-हॅमिल्टनहून शनिवार-रविवारी येणारी कुटुंबं, पुण्या-मुंबईहून थेट आलेले प्रवासी, या सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. फोनवर उत्तरं देताना घाई होते आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. काही उत्तरं लांबली आहेत. त्या गोष्टी मला मनापासून सांगायच्या आहेत.

ग्लोवर्म म्हणजे आपला काजवाच ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि उत्तर द्यायलाही सगळ्यात जास्त आवडतं, कारण मी काजव्यांच्या गावची आहे. भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूला मे अखेरीपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडं काजव्यांनी लखलखतात. तो काजवा भुंगेऱ्यांच्या कुळातला. तो उडतो, उघडझाप करतो आणि त्याची ती सगळी धडपड जोडीदारासाठी असते.

इथला ग्लोवर्म ही एका चिलटासारख्या माशीची अळी आहे. शास्त्रीय नाव अरॅक्नोकॅम्पा ल्युमिनोसा. पहिल्या शब्दाचा अर्थ साधारण ‘कोळ्यासारखी अळी’, आणि ते नाव का पडलं ते पुढे येईलच. ती उडत नाही, उघडझापही करत नाही. ओल्या कड्याला चिकटून रात्रभर एकाच जागी निळसर हिरवा, स्थिर उजेड देत राहते. ही जात फक्त न्यूझीलंडमध्ये सापडते. अरॅक्नोकॅम्पा गटातल्या इतर जाती ऑस्ट्रेलियात आहेत, बाकी जगात कुठेही नाहीत. माओरी लोक तिला टिटिवाय म्हणतात. त्यातला ‘वाय’ म्हणजे पाणी. पाण्यात पडलेल्या उजेडाच्या प्रतिबिंबाशी या नावाचा संबंध सांगतात, आणि कयाकमध्ये बसून पाहिलंत की ते नाव किती नेमकं आहे ते कळतं.

फसगत फक्त आपलीच होते असं नाही. १८७१ साली थेम्स भागातल्या एका सोन्याच्या खाणीत या अळीची पहिली नोंद झाली, तेव्हा गोऱ्या लोकांनाही ती युरोपातल्या चमकणाऱ्या भुंगेऱ्याची नातेवाईक वाटली होती. ती माशीची अळी आहे हे १८८६ मध्ये क्राइस्टचर्चच्या एका शिक्षकाने दाखवून दिलं.

हे तळं नक्की कुठे आहे?

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, बे ऑफ प्लेंटी या भागात, टौरंगा शहराच्या थोडं अलीकडे. ऑकलंडहून काइमाई डोंगररांग ओलांडून २९ नंबरच्या महामार्गाने उतरलात की शहरात शिरण्याआधीच मॅक्लारेन फॉल्स पार्कचा फाटा लागतो. ऑकलंडहून अडीच-तीन तास धरा.

तळं नैसर्गिक नाही. १९२५ साली विजेसाठी धरण बांधलं आणि मागे दरीत पाणी साचलं. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्या पाहुण्यांना हे ऐकून भंडारदऱ्याची आठवण येतेच. तिथलंही विल्सन धरण त्याच दशकात, १९२६ मध्ये पुरं झालं. इथलं धरण त्यापेक्षा फार लहान, पण पाणी चढल्याने एक झालं. जिथे पूर्वी ओढा होता तिथे आता शांत, अरुंद पाण्याची घळ आहे. ही घळ नसती तर आपण कयाकने ग्लोवर्मच्या इतक्या जवळ पोचूच शकलो नसतो.

आम्ही वायटोमोच्या गुहा पाहणार आहोत. मग हे वेगळं कशाला?

वायटोमो जरूर पाहा. १८८७ मध्ये तिथले माओरी प्रमुख ताने टिनोराउ आणि सर्वेक्षक फ्रेड मेस मेणबत्त्या घेऊन तराफ्यावरून गुहेत शिरले आणि १८८९ पासून ती लोकांसाठी खुली झाली. छत चुनखडीचं, डोक्यावर हजारो ठिपके, आणि होडी तारेला धरून पुढे सरकवतात. अद्भुतच आहे ते.

आमच्याकडे गुहा नाही. वर आकाश उघडं आहे. घळीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना ग्लोवर्म, वर आकाशाच्या चिंचोळ्या पट्टीत तारे आणि खाली पाण्यात या दोन्हींचं प्रतिबिंब. उजेड कुठे संपतो आणि तारे कुठे सुरू होतात ते काही क्षण खरंच कळत नाही. शिवाय वल्हं तुमच्या हातात असतं. थांबायचं तिथे थांबता येतं. वेळ एकाच गोष्टीसाठी असेल आणि आईवडिलांना पाण्याची अजिबात सवय नसेल तर वायटोमो सोपं. बाकी सगळ्यांना मी इकडेच बोलावीन.

पोहता येत नाही. चालेल का?

चालेल. आपल्याकडून येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांना पोहता येत नाही असा माझा अनुभव आहे, आणि त्यांना ते सांगायला संकोच वाटतो. संकोच करू नका, फक्त निघण्याआधी वाटाड्याला सांगा.

माझी आई दोन वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. आयुष्यभर प्रवरेच्या काठावर राहिली, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नव्हती. सात-आठ दिवस ‘तू जा, मी काठावर बसते’ एवढंच म्हणत होती. मग एका दुपारी मी तिला नुसतं लाईफ जॅकेट घालून काठाच्या उथळ पाण्यात उभं केलं आणि पाय उचलायला सांगितलं. जॅकेटने तिला अलगद वर धरलं. ‘अगं, हे तर बुडूच देत नाही,’ म्हणाली. त्याच संध्याकाळी माझ्या पुढच्या सीटवर बसून ती घळीपर्यंत आली. परतीच्या वाटेवर वल्हंही मारलं.

आम्ही वापरतो त्या कयाक दोन माणसांच्या, रुंद बुडाच्या असतात. चित्रफितींमध्ये फेसाळत्या नदीत उड्या मारणारी अरुंद कयाक दिसते, ती वेगळी. तळ्याचं पाणी संथ आहे, प्रवाह जाणवत नाही. लाईफ जॅकेट प्रत्येकाने घालायचंच, आणि घट्ट. खांद्यांना धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत यायला नको, एवढी तपासणी स्वतःही करा.

आणि उलटली तर?

संथ पाण्यात दोन माणसांची कयाक सहज उलटत नाही. उलटते ती दोनच कारणांनी: कोणीतरी मध्येच उभं राहतं, किंवा शेजारच्या कयाकमधल्या माणसाला काही द्यायला दोघंही एकाच बाजूला झुकतात. तरीही झालंच, तर जॅकेट वर धरतं, तुम्ही कयाकला धरून थांबता आणि वाटाड्या येतो. पाण्यावर जाण्याआधी हे सगळं काठावर करून दाखवतात. त्या दहा मिनिटांत फोन खिशात ठेवा आणि नीट ऐका.

फेरी निवडताना चालकाला दोन गोष्टी विचारा. साहसी उपक्रमांसाठीची वर्कसेफ या सरकारी सुरक्षा संस्थेची नोंदणी आहे का, आणि एका वाटाड्यामागे किती कयाक असतात. चांगला चालक दोन्हीचं उत्तर आनंदाने देतो.

कधी यावं?

ग्लोवर्म वर्षभर चमकतात. त्यांचा हंगाम नसतो. त्यामुळे हा प्रश्न खरं तर तुमच्या सोयीचा आहे.

डिसेंबर-जानेवारी हा इथला उन्हाळा. हवा सुखद, पण सूर्यास्त साडेआठच्या पुढे, कारण इथे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात. पुरेसा अंधार पडायला साडेनऊ वाजतात आणि घरी परतायला मध्यरात्र जवळ येते. लहान मुलं तोवर पेंगतात. जून-जुलैत पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, फेरी जेवणाच्या वेळेपर्यंत संपतेसुद्धा, पण थंडी असते. सह्याद्रीतल्या डिसेंबरातल्या पहाटेसारखी, वर ओलसर. मला स्वतःला मार्च-एप्रिल सगळ्यात आवडतो. पाणी अजून कोमट, वारा कमी आणि अंधार वेळेवर.

पाऊस असेल तर? पौर्णिमा असेल तर?

रिमझिम पावसात फेरी निघते, आणि तुम्ही तिकिटाचे पैसे परत मागण्याआधी एक गोष्ट ऐका. ग्लोवर्मना ओल लागते. त्यांच्या चिकट धाग्यांचा चिकटपणा दमट हवेतच टिकतो, कोरड्या हवेत जातो. ओलसर, बिनवाऱ्याची रात्र ही त्यांच्यासाठी उत्तम रात्र. फेरी रद्द होते ती जोरदार वाऱ्यामुळे किंवा मुसळधार पावसामुळे. तो निर्णय चालकाचा असतो आणि त्यावर वाद घालू नये.

पौर्णिमेला मोकळ्या तळ्यावर चांदणं सुंदर दिसतं. घळ उंच आणि अरुंद असल्याने आत अंधार राहतो, पण चंद्र डोक्यावर आला की ठिपके फिके वाटतात. निवडायला मिळालं तर अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या. घरातलं पंचांग इथे चांगलं कामाला येतं.

संध्याकाळ कशी जाते, सुरुवातीपासून सांगा ना.

सूर्यास्ताच्या तासभर आधी काठावर जमायचं. जॅकेट, वल्हं, सीट बसवणं, सूचना. दोन माणसांच्या कयाकमध्ये मागचा माणूस पायांनी सुकाणू फिरवतो आणि पुढचा वल्ह्याची लय ठरवतो. नवरा-बायको असतील तर मी आधीच विचारते की गाडी कोण चालवतं, आणि त्याला किंवा तिला मागे बसवते. वल्हं हाताने ओढलंत तर पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. कंबरेतून वळायचं, हात जवळपास सरळ ठेवायचे. जात्यावर बसलेली बाई जशी सगळ्या अंगाने ओढते, तसं. माझी आई हे वाक्य ऐकून लगेच वल्हवायला शिकली.

उजेड असेपर्यंत तळ्यावर फिरायचं. काळे हंस दिसतात, पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, आणि काठावर पुकेको, म्हणजे आपल्या जांभळ्या पाणकोंबडीची इथली बहीण, शेपटी झटकत फिरत असते. झाडोऱ्यात मोठमोठे वृक्षनेचे आहेत. त्यांतल्या पोंगाच्या पानाची खालची बाजू चंदेरी असते. मग कुठेतरी काठाला लागून गरम चहा किंवा कॉफी, थोडं खाणं. सूर्य जातो. एकही पाखरू बोलत नाही अशी पाच-दहा मिनिटं येतात, आणि मग रुरू ओरडतं. ते इथलं लहान घुबड, पिंगळ्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्या दोन सुरांच्या हाकेवरूनच त्याचं नाव पडलं आहे.

इथून पुढे दिवे बंद. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत आम्ही घळीच्या तोंडाशी पोचतो. आत वळल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग एक ठिपका. मग त्याच्या वर दोन. कयाक दहा हात पुढे सरकते आणि दोन्ही कडे एकदम भरून येतात.

घळीच्या आत एक जागा आहे, तिथे कडा पाण्यावर थोडा झुकला आहे. मी तिथे कयाक थांबवते आणि लाल दिवा क्षणभर अगदी मंद करून धरते. लाल उजेडाचा त्यांना त्रास कमी होतो. तेव्हा एक अळी जवळून दिसते. आगकाडीएवढी लांब, जवळजवळ पारदर्शक, शेंबडासारख्या ओल्या नळीत आडवी झोपलेली. त्या नळीतून खाली धागे सोडलेले, प्रत्येक धाग्यावर बारीक चिकट थेंब एकाखाली एक ओवलेले, मुंडावळ्यांसारखे. श्वास जोरात सोडला तरी हलतात. मग मी दिवा विझवते आणि त्याच जागी तिच्या शेपटीचा उजेड तेवढा उरतो. गेल्या हिवाळ्यात नाशिकहून आलेल्या एक आजी तिथे हलक्या आवाजात ‘शुभंकरोति’ म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

त्या चमकतात कशासाठी? आणि कशा?

भुकेपोटी. मला या सगळ्या प्रकारातली ही गोष्ट सर्वात जास्त भिडते.

अंड्यातून बाहेर येते तेव्हा अळी तीन-पाच मिलिमीटरची असते, आणि त्या दिवसापासून ती चमकते. पुढचे सहा ते बारा महिने तिचं एकच काम: खाणं. पाण्यातून वर आलेले बारीक कीटक उजेडाकडे ओढले जातात आणि त्या चिकट धाग्यांना अडकतात. अळीला धाग्याची थरथर कळते. ती नळीतून बाहेर डोकावते, धागा तोंडाने गिळत गिळत भक्ष्य वर ओढून घेते. म्हणूनच ‘कोळ्यासारखी अळी’. एकेका अळीचे सत्तरपर्यंत धागे असू शकतात. गुहेत वारा नसल्याने ते हातभर लांब होतात, उघड्यावर गुंतू नयेत म्हणून आखूड ठेवावे लागतात.

उजेड पोटाच्या टोकाला तयार होतो. जी नळी इतर कीटकांत शरीरातला कचरा बाहेर टाकायचं काम करते, तिचीच टोकं हिच्यात दिवा झाली आहेत. तिथे ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेज हे विकर (एन्झाइम) आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन उजेड पडतो. त्यात उष्णता जवळपास नसते. भुकेली अळी पोट भरलेल्या अळीपेक्षा जास्त तेज चमकते. ठिपक्यांमध्ये अंतर असतं तेही उगाच नाही: शेजारीण फार जवळ आली तर भांडण होतं, एकमेकींना खातातही.

मग ती कोषात जाते, सुमारे दोन आठवडे. बाहेर येते ती माशी. तिला खाण्यासाठी तोंडच नसतं म्हणा ना, ते निकामी असतं. दोन-चार दिवसांचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा, मादीने शंभरावर अंडी घालायची आणि संपायचं. मादी कोषात असल्यापासूनच चमकते आणि नर त्या उजेडाकडे येऊन थांबलेला असतो. वर्षभर खाऊन साठवलेल्या बळावर हे सगळं घडतं. आपण पाहतो तो प्रत्येक ठिपका म्हणजे त्या साठवणीसाठी जागं राहिलेलं एक पिल्लू.

टॉर्च का लावू देत नाही? हळू आवाजात बोलायचं का?

वरचं उत्तर वाचलंत तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये, तरी सांगते. पांढरा उजेड पडला की अळी आपला दिवा मंद करते किंवा विझवते. दिवा विझला की शिकार थांबते. तिची रात्र वाया जाते.

एकदा माझ्या फेरीतल्या एकांनी मला न विचारता फोनचा टॉर्च थेट कड्यावर मारला, मुलाला अळी दाखवायची म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण डावीकडचा अख्खा पट्टा काही क्षणांत मावळला. आम्ही बराच वेळ थांबलो, थोडे ठिपके परत आले, बाकीचे नाहीच. मागून दुसऱ्या गटाच्या कयाक येत होत्या. त्यात एक मुलगी आपल्या वाढदिवसाला आली होती. तिला त्या बाजूला काळा कडा दिसला. त्या दिवसापासून फोन कोरड्या पिशवीत घालून ती तोंड बांधून माझ्याकडे ठेवल्याशिवाय मी घळीत कोणाला नेत नाही. फोनच्या नुसत्या पडद्याने तुमचे स्वतःचे सरावलेले डोळेही बिघडतात.

हळू बोलायला हरकत नाही. कड्याला हात लावू नका, वल्हं त्यावर टेकवू नका. एका स्पर्शाने पन्नास धागे तुटतात आणि ते तिला पुन्हा विणावे लागतात. सिगरेटचा धूर किंवा मच्छर पळवणारा फवारा घळीत नको.

रोज इतकी माणसं गेल्याने त्यांना त्रास होत नाही?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न विचारणारा पाहुणा मला फार आवडतो. वायटोमोत १९७९ मध्ये गुहा काही काळ बंद ठेवावी लागली होती, कारण गुहेतली हवा बदलल्यामुळे ग्लोवर्म कमी झाले होते. आज तिथे हवेवर सतत लक्ष ठेवतात. उघड्या घळीत हवेचा प्रश्न नाही, पण उजेडाचा, स्पर्शाचा आणि गर्दीचा आहे. लहान गट, लाल दिवे, मध्ये अंतर, हे नियम त्यासाठीच. स्वस्त म्हणून मोठा गट नेणारी फेरी निवडू नका, एवढी माझी विनंती.

फोटो येतो का?

हलत्या कयाकमधून फोनवर येत नाही. नाइट मोडमध्येही फरफटलेल्या रेषा दिसतात. तिवईवर कॅमेरा लावून पंधरा-वीस सेकंद उघडा ठेवला तर येतो, पण ते जमिनीवरून करायचं काम. संध्याकाळच्या उजेडातले तळ्यावरचे फोटो आम्ही काढून देतो.

कयाक नकोच, पण ग्लोवर्म पाहायचे आहेत.

याच पार्कमध्ये धबधब्याकडे जाणारी छोटी पायवाट आहे. तिच्या कडेच्या ओल्या दरडींवर अंधार पडल्यावर ग्लोवर्म दिसतात, तिकीट नाही. पार्कच्या फाटकाच्या वेळा आधी पाहून जा. वाट ओली आणि निसरडी असते, चांगले बूट घाला. टॉर्च पायाशी, खाली धरा आणि थांबलात की बंद करा. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना थोडं चालता येत असेल तर हा उत्तम पर्याय.

काय घालायचं?

सुती कपडे आणि जीन्स नको. भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. लोकरीचा किंवा सिंथेटिक कपडा आत, त्यावर वाऱ्याचं जॅकेट, थंडीत कानटोपी. ओले झाले तरी चालतील असे, मागे पट्टा असलेले सँडल. कयाकमध्ये पाय सरळ पसरून बसायचं असल्याने साडीत अवघड जातं. माझ्या आईने सलवारखाली गरम पायजमा घातला होता, तेवढं पुरतं. एक पूर्ण कोरडा जोड गाडीत ठेवाच.

आणखी एक गोष्ट. ट्रेकचे चिखलाचे बूट भारतातून आणणार असाल तर घासून धुऊन आणा आणि देशात येताना भरायच्या अर्जात तसं लिहा. खाण्याचे पदार्थही लिहा. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो.

साप, मगरी, डास?

न्यूझीलंडच्या जमिनीवर साप नाहीत, मगरीही नाहीत. पाण्यात वाम मासे असतात, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. डास आणि चावरी बारीक माशी आहेत. औषध निघण्याआधी काठावरच लावा.

मुलं, गरोदरपण, गुडघे, मधुमेह?

वयाची अट प्रत्येक चालकाची वेगळी. माझ्या मते मूल तासभर एका जागी बसू शकतं का, हा खरा निकष. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारा आणि चालकालाही कळवा. गुडघ्यांचा त्रास बसण्यापेक्षा चढण्या-उतरण्यात होतो, आधी सांगितलंत तर दोघं जण हात देतात. मधुमेह असलेल्यांनी वेळेवर थोडं खाऊन यावं आणि गोळ्या किंवा साखर जॅकेटच्या खिशात ठेवावी. परत यायला अडीच-तीन तास लागतात आणि मधेच काठाला लागणं सोपं नसतं.

शाकाहारी खाणं मिळतं का?

बहुतेक ठिकाणी बिस्किटं, चीज, फळं आणि गरम पेय असतं, काही ठिकाणी मोठ्यांना वाईनही. चीजमध्ये रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) चालत नसेल किंवा उपवास असेल तर बुकिंग करतानाच लिहा. घरचा डबा आणलात तर कोणी नाही म्हणत नाही. माझ्या आईच्या शेंगदाण्याच्या लाडवांची चौकशी आमच्याकडे अजून होते.

विमा लागतो का?

इथे अपघातात इजा झाली तर पाहुण्यांच्याही उपचाराच्या खर्चात एसीसी ही सरकारी योजना हातभार लावते. पण आजारपण, रद्द झालेला प्रवास, भारतात परत नेण्याचा खर्च त्यात येत नाही. वयस्कर आईवडिलांसाठी प्रवासविमा घ्याच.

फेरी संपवून त्याच रात्री ऑकलंडला परतता येईल का?

येईल, पण मी नको म्हणेन. काइमाईचा रस्ता वळणाचा आहे, रात्री धुकं उतरतं, मैलोन्‌मैल दिवे नसतात, आणि तुम्ही हात-खांदे दमवून आलेले असता. टौरंगा किंवा शेजारच्या माउंट माँगानुईला मुक्काम करा. खोलीवर जाण्याआधी पार्कबाहेर, मोकळ्या जागी, गाडीचे दिवे बंद करून पाच मिनिटं उभे राहा. डोळे अजून सरावलेले असतात. दक्षिणेला त्रिशंकू दिसेल, उन्हाळ्यात मृग नक्षत्र उलटं टांगलेलं दिसेल, आणि अगस्तीचा तारा आपल्याकडे क्षितिजापाशी रेंगाळतो तो इथे उन्हाळ्यात जवळजवळ डोक्यावर असेल.